पाण्याखालची बंद पेटी: आउटबोर्ड मोटरच्या गिअरकेसमधली झीज माणसाने कशी ओळखायला सुरुवात केली

संशोधनाच्या तयारीला लागलेल्या मित्रमैत्रिणींनो, "सर, जी गोष्ट दिसतच नाही ती मोजायची कशी?" हा प्रश्न प्रत्येक पीएचडीच्या मुलाखतीत कुठल्या ना कुठल्या रूपात येतोच. उत्तरादाखल अणू आणि कृष्णविवरांची उदाहरणं सगळेच देतात. आज मी तुम्हाला महाबळेश्वर तालुक्यातलं आणि बरंच तेलकट उदाहरण देणार आहे: बोटीच्या मागे टांगलेल्या मोटरीचा पाण्यात बुडालेला खालचा भाग, म्हणजे गिअरकेस. झीज हाच माझ्या पीएचडीचा विषय असल्यामुळे मला याचं कौतुक जरा जास्त आहे, हे आधीच सांगून ठेवते. पण या पेटीचा इतिहास नीट समजून घेतला, तर पुरावा म्हणजे काय, तुलना कशाशी करायची आणि घाईने निष्कर्ष का काढू नये, हे तिन्ही धडे एकाच वेळी मिळतात.

आधी जागा समजून घेऊ

महाबळेश्वर म्हटलं की पर्यटकाच्या डोळ्यासमोर वेण्णा तलाव येतो. साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ मध्ये तो बांधून घेतला. तिथे वल्ह्याच्या आणि पायडलच्या बोटी चालतात. अशा बोटीत काही बिघडलं तर ते लगेच दिसतं, हाताला लागतं आणि काठही जवळ असतो.

घाट उतरून तापोळ्याला गेलात की चित्र बदलतं. महाबळेश्वरला उगम पावणारी कोयना इथे सोळशीला भेटते, आणि पुढे पसरलेला असतो शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय. धरणाची भिंत खाली पाटण तालुक्यात, कोयनानगरला आहे. उंची सुमारे १०३ मीटर आणि साठवण क्षमता सुमारे १०५ टीएमसी. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी अडवलं गेलं आणि सुमारे ५० किलोमीटर लांबीचं खोरं पाण्याखाली गेलं. शेतं गेली, घरं गेली, पायवाटाही गेल्या. जी गावं वर सरकून काठावर राहिली, त्यांच्यासाठी पलीकडचा काठ डोळ्यांना दिसत असला तरी रस्त्याने फार लांब पडू लागला. तेव्हापासून या भागात बोट ही गरजेची गोष्ट झाली. बाजार, शाळा, दवाखाना, सगळ्यासाठी पाणी ओलांडायचं. वासोट्याला जाणारे ट्रेकरही बामणोली किंवा तापोळ्याहून बोटीनेच जातात.

मोठ्या लाँचचं इंजिन बोटीच्या पोटात असतं. स्पीडबोटीला आणि हलक्या बोटींना मात्र मागच्या फळीवर टांगलेली आउटबोर्ड मोटर लागते. आता कल्पना करा: संध्याकाळची वेळ, बोट जलाशयाच्या मध्यावर, इंजिन व्यवस्थित फिरतंय, पण पंखा फिरत नाही. इंजिनाचा आवाज चांगला आहे म्हणजे सगळं चांगलं आहे, ही समजूत तिथे कामाची नाही. बिघाड इंजिनाच्या खाली, पाण्यात असलेल्या पेटीत झालेला असतो. ती पेटी बहुतेक वेळा बरेच दिवस आधी इशारा देते, फक्त तो कुठे पाहायचा हे माहीत असावं लागतं.

पेटीत नेमकं काय असतं?

आउटबोर्ड मोटर विकून यशस्वी करून दाखवली ती ओले एव्हिनरूड या नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत मिलवॉकीला स्थायिक झालेल्या यंत्रकाराने, १९०९ मध्ये. त्याच्या आधी कॅमेरॉन वॉटरमनने १९०७ मध्ये अशा मोटरीचं पेटंट घेतलं होतं. पण एव्हिनरूडची रचना टिकली आणि तिचा सांगाडा आजही ओळखू येतो. इंजिन वर, त्यातून खाली उतरणारा उभा शाफ्ट, आणि तळाशी पाण्यात बुडालेली पेटी. पेटीत उभं फिरणं आडवं करणारी तिरप्या दात्यांची चाकं, म्हणजे बेव्हल गिअर. आडव्या शाफ्टच्या टोकाला पंखा.

सुरुवातीच्या बऱ्याच मोटरींना उलट जायचं तर अख्खी मोटरच फिरवावी लागे. १९४९ मध्ये जॉन्सन कंपनीच्या १० हॉर्सपॉवरच्या मोटरीत पुढे, न्यूट्रल आणि मागे असे तिन्ही गिअर आले, आणि हळूहळू तीच पद्धत रूढ झाली. त्यामुळे आजच्या पेटीत तीन चाकं असतात: उभ्या शाफ्टच्या टोकाला लहान पिनियन, आणि त्याच्या दोन बाजूंना दोन मोठी चाकं, एक पुढचं, एक मागचं. दोन्ही सतत फिरत असतात, पण एकमेकांच्या उलट. मधे सरकणारा दातेरी तुकडा (मिस्त्री लोक त्याला डॉग क्लच म्हणतात) ज्या चाकात अडकेल, त्या बाजूने पंखा फिरतो. पिनियनचे साधारण दोन फेरे होतात तेव्हा पंख्याचा एक होतो. या सगळ्याला बेअरिंगांचा आधार, बाहेरचं पाणी अडवायला रबरी सील, आणि वंगण म्हणून मध्यम मोटरीत साधारण अर्धा लिटरच्या आसपास तेल.

सोयीबरोबर झिजेच्या जागाही वाढल्या हे लक्षात घ्या. आता गिअरचे दाते झिजतात, डॉग क्लचचे कोपरे गोल होतात (मग गिअर टाकल्यावर 'कट-कट' करत निसटतो), बेअरिंगांना खड्डे पडतात आणि सील कडक होऊन पाणी आत घेतात. चार वेगवेगळे रोग, आणि पेटी एकच.

कान आणि हात इथे का चालत नाहीत?

जमिनीवरच्या यंत्राचं निदान जुन्या मिस्त्रींनी कानाने आणि हाताने केलं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर आणि मूठ कानाला, किंवा पेटीवर तळहात ठेवून "जास्त तापतंय" असं सांगणं. ही पद्धत कमी दर्जाची अजिबात नाही. आवाज, कंप आणि उष्णता हे खरेच संकेत आहेत, आणि आज आपण ते महागड्या सेन्सरने टिपतो.

पण आउटबोर्डच्या पेटीजवळ कान नेता येत नाही, कारण ती पाण्यात आहे आणि वर इंजिन गर्जत असतं. हात लावून उष्णता समजत नाही, कारण आजूबाजूचं पाणी ती सतत काढून नेतं. उघडून पाहायचं तर सगळे भाग सोडवावे लागतात, आणि पुन्हा बसवताना पिनियनची उंची आणि दात्यांमधली फट नीट जुळली नाही, तर त्या तपासणीतूनच नवी झीज सुरू होते. मग उरतं काय? आतल्या प्रत्येक दात्याला आणि बेअरिंगला स्पर्श करून बाहेर येणारी एकच गोष्ट: तेल. या पेटीपुरता निदानाचा इतिहास म्हणजे तेल वाचायला शिकण्याचा इतिहास.

पहिली पायरी: डोळा, बोट आणि लोहचुंबक

पेटीला दोन स्क्रू असतात, खालचा निचऱ्याचा आणि वरचा हवेचा. मोटर उभी ठेवून आधी खालचा सोडायचा, मग वरचा, आणि तेल स्वच्छ काचेच्या बरणीत घ्यायचं. आधीपासून साचलेलं पाणी असेल तर ते तेलाच्या आधी बाहेर पडतं, कारण ते जड असतं आणि तळाशी बसतं. नवं तेल भरतात ते खालून वर, म्हणजे आतली हवा वरच्या भोकातून निघून जाते. दोन्ही वॉशर नवे लावायचे. कंपन्यांच्या पुस्तिकांत साधारणपणे दर १०० तासांनी किंवा हंगामातून एकदा तेल बदलायला सांगितलेलं असतं.

बरणीतलं तेल दुधी किंवा कॉफीसारखं दिसलं तर पाणी शिरलंय असं म्हणतात. काळं आणि जळक्या वासाचं असेल तर आत खूप तापलंय. खालच्या स्क्रूवर चुंबक असेल आणि त्यावर राखाडी, लोण्यासारखी बारीक पेस्ट असेल, तर ती नेहमीची झीज आहे. बोटांना टोचणारे तुकडे असतील तर दाता किंवा बेअरिंग तुटायला लागलंय, तेव्हा बोट धक्क्यालाच बांधून ठेवायची.

आता जरा संशोधकासारखा विचार करा. 'दुधी म्हणजे पाणी' हे गृहीतक आहे, आणि त्याला एक प्रतिस्पर्धी आहे: हवा. मोटर बंद केल्या केल्या काढलेलं तेल बुडबुड्यांमुळेही गढूळ दिसतं. मग या दोघांत निवड करणारी चाचणी कोणती? बरणी रात्रभर स्थिर ठेवा. हवा निघून जाते, तेल स्वच्छ होतं. पाणी असेल तर गढूळपणा टिकतो किंवा तळाशी थर जमतो. दुसरी चाचणी म्हणजे तापलेल्या तव्यावर तेलाचा एक थेंब. पाणी असेल तर तो तडतडतो. तेलाच्या प्रयोगशाळांतही पहिली चाळणी म्हणून हीच पद्धत वापरतात (डोळ्यांवर चष्मा लावून, बरं का).

वासाचंही तसंच. गिअर ऑइलमध्ये दाबाखाली दात्यांचं रक्षण करणारी गंधकयुक्त रसायनं असतात, त्यामुळे कोरं तेलसुद्धा उग्रच वास देतं. ज्याने कोऱ्या तेलाचा वास कधी घेतला नाही, त्याला जळका वास ओळखता येणार नाही. काही कंपन्यांचं तेल मुळातच निळं किंवा हिरवट असतं, मग 'दुधी' म्हणजे फिकट निळं. म्हणून शेजारी कोऱ्या तेलाची बरणी हवीच. प्रबंधात आपण जिला 'कंट्रोल' म्हणतो, ती हीच.

दुसरी पायरी: झीज आकड्यात येते

१९४० च्या दशकात अमेरिकेत डेन्व्हर अँड रिओ ग्रँड वेस्टर्न या रेल्वेने डिझेल इंजिनांच्या तेलाचे नमुने वर्णपटमापकाने, म्हणजे स्पेक्ट्रोमीटरने, तपासायला सुरुवात केली. कल्पना साधी आहे. तेल ठिणगीत जाळलं की त्यातलं प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या रंगाचा प्रकाश देतं. लोह किती, तांबं किती, ॲल्युमिनियम किती, हे दशलक्षांश भागांत, म्हणजे पीपीएममध्ये मिळतं. पुढे १९५० च्या दशकात अमेरिकी नौदलाने विमानांच्या इंजिनांसाठी ही पद्धत उचलली. इंजिन न उघडता आत कोणता धातू झिजतोय हे कळणं, हा मोठाच टप्पा होता.

त्याच सुमारास सिद्धांतही तयार होत होता. १९५३ मध्ये जे. एफ. आर्चर्ड यांनी झिजेचं एक साधं सूत्र मांडलं: झिजून गेलेलं आकारमान हे भार आणि घासलेलं अंतर यांच्या प्रमाणात वाढतं, आणि पृष्ठभागाच्या कठीणपणाच्या प्रमाणात कमी होतं. सूत्रात एक गुणांक असतो. दोन पृष्ठभागांचे सूक्ष्म उंचवटे एकमेकांना भिडले की दर वेळी कण तुटतोच असं नाही. तो तुटण्याची शक्यता किती, हे साधारणपणे हा गुणांक सांगतो. सगळी गंमत तिथेच आहे. बोटीत दुप्पट माणसं बसवली तरी दात्यांवरचा भार काही पटींनीच वाढतो. पण तेलाचा पापुद्रा फाटला तर हा गुणांक शेकडो-हजारो पटींनी उडी मारू शकतो. पेटीच्या आयुष्यात तेलाची अवस्था इतकी महत्त्वाची का, याचं उत्तर या एका गुणांकात आहे.

९ मार्च १९६६ ला ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीचा अहवाल आला आणि घर्षण, झीज आणि वंगण यांच्या एकत्रित शास्त्राला 'ट्रायबॉलॉजी' हे नाव मिळालं. ग्रीक 'ट्रायबॉस' म्हणजे घासणं. या ज्ञानाचा नीट वापर केला तर ब्रिटिश उद्योगाचे वर्षाला सुमारे ५१ कोटी ५० लाख पौंड वाचतील, असा त्यांचा अंदाज होता. तोवर हा विषय यांत्रिकी, रसायन आणि धातुशास्त्र यांच्या मधल्या फटीत पडून होता. विषय निवडताना अशा फटींकडे जरूर पाहा.

पण आकड्यालाही मर्यादा होती. ठिणगीत बारीक कणच नीट जळतात. साधारण ५ ते १० मायक्रॉनपेक्षा मोठे कण या यंत्राला जवळजवळ दिसतच नाहीत. आणि दाता तुटायला लागतो तेव्हा वाढतात ते नेमके मोठे कण! म्हणजे लोहाचा आकडा शांत आणि पेटी मरणपंथाला, असंही होऊ शकतं. कुठलंही उपकरण वापरण्याआधी ते काय पाहू शकत नाही हे विचारायचं, ते यासाठी.

तिसरी पायरी: कणाचा चेहरा

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हर्नन वेस्टकॉट आणि विल्यम सीफर्ट यांनी फेरोग्राफ हे उपकरण पुढे आणलं. तिरप्या काचपट्टीखाली जोरदार चुंबक आणि पट्टीवरून सावकाश वाहणारं तेल. मोठे लोहकण आधी अडकतात, बारीक पुढे. मग पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. १९७४ मध्ये डग्लस स्कॉट यांच्यासह या दोघांचा लेख 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये आला आणि ही पद्धत सर्वदूर पोचली.

आता प्रश्न 'लोह किती?' एवढाच राहिला नाही. कण कसा दिसतो, हेही विचारता येऊ लागलं. चपटे, पातळ, १५ मायक्रॉनपेक्षा लहान पापुद्रे असतील तर ती रोजची घासाघीस. लेथवरच्या कातरणासारखी वेटोळी असतील तर काहीतरी कठीण आत शिरून पृष्ठभाग कापतंय, उदाहरणार्थ रेती. अगदी लहान गोल गोळ्या बेअरिंगच्या भेगांमधून येतात. समांतर ओरखडे असलेले मोठे तुकडे म्हणजे दाते तेलाविना घासताहेत. गिअर आणि बेअरिंग दोन्ही पोलादाचे, त्यामुळे स्पेक्ट्रोमीटरला दोन्हींचं लोह सारखंच. आकार मात्र त्यांना वेगळं करतो.

पाणी नेमकं काय करतं?

शिवसागरावरच्या पेटीचा मोठा शत्रू पाणीच. १९७७ मध्ये रिचर्ड कँटली यांनी तेलातल्या पाण्याचा बेअरिंगच्या आयुष्यावर होणारा परिणाम मोजला. १०० पीपीएम पाणी असताना जे आयुष्य मिळतं ते पायाभूत धरलं, तर ४०० पीपीएमला ते सुमारे ४४ टक्क्यांवर येतं. तेल उघड्या डोळ्यांना दुधी दिसू लागतं तेव्हा पाणी साधारणपणे याच्याही पुढे गेलेलं असतं. म्हणजे डोळा इशारा देतो, पण उशिरा देतो.

इथे एक सावधगिरी. कँटली यांचे प्रयोग एका विशिष्ट तेलावर आणि विशिष्ट बेअरिंगांवर होते. तो ४४ चा आकडा उचलून तुमच्या मोटरीच्या गिअर ऑइलला चिकटवता येणार नाही. दिशा घ्या, आकडा घेऊ नका.

पुस्तिका आणि शिवसागर

आउटबोर्डच्या पुस्तिका बहुतेक थंड देशांचा विचार करून लिहिलेल्या. त्या सांगतात, हिवाळ्याआधी पेटीतलं पाणी काढा, नाहीतर बर्फ होऊन पेटी फुटेल. महाबळेश्वरला थंडीत कधीकधी वेण्णा तलावाच्या काठावर दवबिंदू गोठतात, त्याच्या बातम्याही येतात. पण मोटरीची पेटी फुटावी इतकी थंडी इथे नसते. इथला बंद हंगाम पावसाळा. महाबळेश्वरचा पाऊस साडेपाच-सहा हजार मिलिमीटरच्या घरात, त्या महिन्यांत पर्यटनाच्या बोटी बांधलेल्या. पेटीत थोडं पाणी राहिलं असेल तर ते तीन-चार महिने बेअरिंगच्या एकाच जागी बसून गंज धरतं. ऑक्टोबरमध्ये मोटर सुरू होते, छान चालते, आणि त्या गंजलेल्या ठिपक्यापासून भेग सुरू होते. म्हणून पुस्तिकेतलं 'हिवाळ्याआधी' इथे 'पावसाळ्याआधी' असं वाचायचं. कारण वेगळं आहे, उपाय तोच.

दुसरी गोष्ट पाण्याच्या पातळीची. उन्हाळ्यात जलाशय खाली जातो आणि एरवी खोल असलेली जमीन, दगड आणि जुनी खोडं पंख्याच्या टप्प्यात येतात. पंखा एकदा आपटला तर पंख्याचं नुकसान दिसतं आणि दुरुस्तही होतं. पण शाफ्ट केसभर वाकला असेल तर तो फिरताना सील एका बाजूला दाबत राहतो. काही आठवड्यांनी पाणी आत. मासेमारीचा नायलॉनचा दोरा पंख्यामागे गुंडाळला गेला तरी सीलची तीच गत. म्हणजे आज दुधी दिसणाऱ्या तेलाचं कारण महिनाभरापूर्वीच्या एका धक्क्यात असू शकतं. तो धक्का कुणी वहीत लिहिला असेल तरच हे जुळतं.

सील फुटलंय का हे पाहायला कारागीर रिकाम्या पेटीत पंपाने हलका हवेचा दाब भरतात आणि काटा स्थिर राहतो का ते बघतात. साबणाच्या पाण्याचे बुडबुडे गळती नेमकी कुठे ते दाखवतात.

यातून आपल्यासाठी

एका नमुन्यातून फार थोडं कळतं. ६० पीपीएम लोह चांगलं की वाईट? नव्या पेटीत सुरुवातीच्या तासांत दाते एकमेकांना जुळवून घेतात, तेव्हा तेवढं असू शकतं. जुन्या, शांत पेटीत ते अचानक दिसलं तर काळजी. अर्थ कळतो तो त्याच पेटीच्या मागच्या नमुन्यांशी तुलना करून, आणि तेल किती तास चाललं हे माहीत असेल तर. सिलिकॉन दिसलं तर 'चिखल शिरला' असं लगेच लिहू नका. सांधे बंद करायला लावलेल्या सिलिकॉनच्या लुकणातूनही ते येतं.

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी विषय शोधत असाल तर हा घ्या. एकाच धक्क्यावरच्या पाच-सहा मोटरी निवडा. मे महिन्यात, बोटी बांधण्याआधी, प्रत्येकीचं ५० मिलिलिटर तेल घ्या, आणि ऑक्टोबरमध्ये पहिल्या दहा तासांनंतर पुन्हा घ्या. निम्म्या मोटरींचं तेल पावसाळ्याआधी बदललेलं, निम्म्यांचं जुनंच. कोऱ्या तेलाची बरणी शेजारी. बरणीवर तारीख, तास आणि पंखा कधी आपटला त्याची नोंद. साध्या सूक्ष्मदर्शकाने आणि चुंबकानेही बरंच दिसेल. बोटीच्या मालकांना आधी विचारा, आणि निकाल सर्वांत आधी त्यांनाच सांगा. त्या पेटीवर विसंबून भर जलाशयात जाणारी माणसं तीच आहेत.